छंद काय तुझा?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलानं सीनियरांपुढे ‘इंट्रो’ द्यायचा, हा रिवाज महाराष्ट्रातल्या वसतिगृहांत वर्षानुवर्षं चालला. मान खाली, नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर, आणि नाव, गाव, मार्क, शाखा हे सगळं एका दमात सांगायचं. शेवटी प्रश्न यायचा छंदाचा, आणि खरी गोम तिथेच होती. गावाचं नाव सांगून सुटका होई. ‘गाणं’ म्हटलं की लगेच गाऊन दाखवावं लागे, ‘चित्रकला’ म्हटलं की सीनियरांच्या ड्रॉइंग शीट गळ्यात पडत. आवड उघड केली की ती अंगावर येते, हे नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात कळे आणि पुढच्या खेपेला तो ‘वाचन’ असं मोघम सांगून मोकळा होई. रॅगिंगचा इतिहास आपण मारहाणीच्या बातम्यांतून सांगतो. मला तो या एका प्रश्नातून जास्त स्पष्ट दिसतो.

हा प्रश्न सीनियरांच्या हाती गेला, कारण संस्थांनी तो विचारायचाच सोडला होता. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग आणि मेकॅनिकल स्कूल सुरू झालं, ते सार्वजनिक बांधकामांसाठी हाताखालचे अधिकारी तयार करायला. इमारती, धरणं, कालवे, पूल यांना कसली माणसं लागतात, यावर शिक्षण बेतलेलं होतं. शिकणाऱ्याची आवड त्या हिशेबात कुठेच नव्हती. १९८३मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांची वाट मोकळी केली. जागा वाढल्या, दूरदूरच्या गावांतली मुलं अनोळखी शहरांत येऊन राहू लागली. महाविद्यालयानं फी घेतली, रोल नंबर दिला. तू कोण, तुला काय आवडतं, हे विचारणारं माणूस भेटलं ते रात्री, वसतिगृहाच्या खोलीत.

इंट्रोची बाजू घेणारे म्हणतात, त्यातूनच ओळखी होतात, नोट्स मिळतात, सबमिशनला कुणीतरी पाठीशी राहतं. या मदतीची गरज खरी आहे, ती नाकारता येणार नाही. पण मदत करणाऱ्याला समोरच्याच्या भीतीची गरज कशाला पडावी? महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगबंदी कायद्यानं नेमकं इथेच बोट ठेवलं: विद्यार्थी एरवी स्वखुशीनं करणार नाही अशी गोष्ट त्याला करायला सांगणं, हेही रॅगिंगच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. म्हणजे गाणं गुन्हा नव्हतं, ‘नाही’ म्हणायची सोय नसणं हा गुन्हा होता. २००९मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यार्थी-पालकांची प्रतिज्ञापत्रं सक्तीची केली आणि नवख्यांना शक्यतो वसतिगृहाच्या स्वतंत्र इमारतीत ठेवायला सांगितलं.

तरीही बंदीनं चुकीचा विचारणारा दूर होतो, विचारायचं राहूनच जातं. म्हणून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं २०१७मध्ये आणलेला तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम मला कायद्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्यात खेळ आहे, कला आहे, लहान गटांतल्या गप्पा आहेत. आधीच आखडलेल्या सेमिस्टरमधून एवढे दिवस काढले तर गणिताचं एम-वन कधी संपवायचं, अशी प्राध्यापकांची तक्रार असते आणि ती रास्त आहे. पण हे दिवस वाचवून मिळतो तो एखाद-दुसरा धडा, आणि तो पुढे भरून काढता येतो. तबला वाजवणाऱ्या मुलीनं पहिल्या महिन्यात तबल्याचं नावच काढलं नाही, तर चौथ्या वर्षापर्यंत तिच्या वर्गाला ते ठाऊकही नसतं.