कागदाची सुरळी आणि छातीचा आवाज

डॉक्टरांच्या गळ्यातली नळी एका बाईच्या तपासणीतून आली. साल १८१६, पॅरिसचं नेकर रुग्णालय. बाई तरुण, अंगाने जाड. छातीवर बोटाने ठोकून काही कळेना. थेट कान लावणं डॉक्टर लेनेक यांना प्रशस्त वाटेना. (आपल्यातही छाती तपासू द्यायला लाजणाऱ्या आहेतच.) त्यांनी कागदाची घट्ट सुरळी करून छातीला लावली, तर ठोके जास्तच स्पष्ट! मग लाकडी नळी केली.

श्वासनळीला फांद्या फुटत फुटत हवा फुप्फुसातल्या बारीक फुग्यांपर्यंत पोचते. तिथे कफ-पाणी साठलं की आवाज बदलतो. दगावलेल्यांची फुप्फुसं उघडून लेनेकनी एकेका आवाजाची खूण पटवली, १८१९ साली पुस्तक काढलं. १८२६ मध्ये ते क्षयानेच गेले, पंचेचाळिसाव्या वर्षी.