बारा बलुतेदार आणि त्यांचे आजार

पेशवाईतल्या गावाचा गाडा शेतकऱ्यांइतकाच बलुतेदारांवर चाले. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव, जोशी… गावागणिक ही यादी थोडी बदले. वर्षभराच्या कामाचा मोबदला सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपात मिळे. तेच बलुतं.

डॉक्टर म्हणून ही यादी वाचताना मला बहुतेक नावांपुढे एकेक आजार दिसतो. वर्षानुवर्षं भट्टीची धग डोळ्यांना लागली की मोतीबिंदू लवकर होऊ शकतो आणि घणाच्या आवाजाने कान जातात. हा झाला लोहार. कुंभाराच्या छातीत मातीची बारीक धूळ आणि आव्याचा धूर. परटाचे हात-पाय दिवसभर पाण्यात, म्हणजे बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. मेलेली जनावरं ओढून नेणाऱ्या महारांना आणि कातडी कमावणाऱ्यांना अँथ्रॅक्ससारख्या जीवघेण्या रोगाचा धोका. गाव स्वच्छ ठेवणाऱ्या याच माणसांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, हेही विसरता येत नाही.

यादीत नसलेली एक कामकरी म्हणजे घरची बाई. पहाटे जातं, मग पाण्याच्या खेपा आणि दिवसभर चुलीचा धूर. कधीही विडी न ओढलेल्या स्त्रियांना होणाऱ्या दम्यासारख्या आजारामागे आजही अनेकदा चूलच असते.

धंदा आणि आजार यांचं नातं इटलीतील डॉक्टर बर्नार्डिनो रामाझिनी यांनी 1700 साली ग्रंथरूपाने मांडलं. रुग्णाला "तुमचा व्यवसाय काय?" हे विचारलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

आपल्या भिवंडीत हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा. लूमचा खडखडाट रोज आठ-दहा तास ऐकणाऱ्याचे कान हळूहळू मंदावतात आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कापसाच्या धुळीने छाती आवळते. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी हा त्रास वाढत असेल, तर तो नुसता सर्दी-खोकला समजू नका.

म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी आपणहून सांगा: काम कोणतं, किती वर्षं करता आणि सुट्टीत बरं वाटतं का. कारखान्यात कानांना इअरप्लग आणि तोंडाला चांगला मास्क वापरा. बलुतेदारांना हे सांगणारं कोणी नव्हतं, पण तुम्हाला आहे.