सासूचा ताज, सुनेचा मकबरा



मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गटाच्या बाया लेकराबाळांना घेऊन छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो. शहरातल्या एका मैदानावर जगातल्या आश्चर्यांचं प्रदर्शन लागलं होतं. लेकरांनी आठ दिवसांपासून कान खाल्ले होते. शेवटी गटाच्या बैठकीत विषय निघाला, दोन जीप ठरल्या, भाकरी-ठेच्याची गाठोडी बांधली आणि सासवांनाही सोबत घेतलं.

प्रदर्शनात सगळं जग छोटं करून मांडलं होतं. घराएवढा आयफेल टॉवर, अंगणात मावेल असा पिरॅमिड, चीनची भिंत तर बांधावरून चालावं तशी. लेकरं फोटो काढण्यात गुंग झाली. आमच्यातल्या एकीची सासू, तिला आम्ही सगळ्याच आजी म्हणतो, ती प्रत्येक वस्तूजवळ थांबून एकच विचारायची, "हे कुणाचं गं?" आम्ही सांगायचो, हे फ्रान्सचं, हे इजिप्तचं. ती म्हणायची, "देश नाही विचारत. कुणासाठी बांधलं, ते सांग."

तिथे ताजमहालही होता. सातवीतल्या एका पोरीने विचारलं, "मग आपला मकबरा कुठंय?" तिथे उभा असलेला मुलगा हसून म्हणाला, "तो ताजमहालाची नक्कलच आहे. दोन-दोन कशाला ठेवायचे?"

पोरगी हिरमुसली. खरं तर आम्हालाही ते लागलं. मग ठरलं की परत जाण्याआधी लेकरांना बीबी का मकबरा दाखवायचा. आमच्यापैकी जिने बी.ए.ला इतिहास घेतला होता, तिच्यावर सगळं सांगायची पाळी आली. तिथे जे बोलणं झालं, तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी 'नक्कल' या शब्दाचं बघू. आपल्या जिल्ह्यातलं वेरूळचं कैलास लेणं सगळ्या जगाला माहीत आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणून ते देऊळ घडवलं. पण त्या देवळाची घडण कर्नाटकातल्या पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी जुळते, असं अभ्यासक सांगतात. ते विरूपाक्ष मंदिर एका बाईने बांधवून घेतलं होतं. तिचं नाव राणी लोकमहादेवी. आणि वेरूळलाच पुढे तिसाव्या क्रमांकाचं जैन लेणं आहे, त्याला लोक 'छोटा कैलास' म्हणतात. म्हणजे एकाचं पाहून दुसऱ्याने केलं, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्याने. आपणही आईची भाकरी पाहूनच भाकरी थापायला शिकलो. त्याला कुणी नक्कल म्हणत नाही.

आता मकबऱ्याकडे येऊ. ही कबर दिलरस बानू बेगमची. ती औरंगजेबाची पहिली बायको. लग्न १६३७ साली झालं. मरणानंतर तिला राबिया-उद-दौरानी म्हणू लागले. आग्र्याचा ताजमहाल मुमताज महलचा, आणि मुमताज म्हणजे औरंगजेबाची आई. नातं लक्षात घ्या. ताजमहाल सासूचा आणि मकबरा सुनेचा. दोघींची गाठ मात्र कधी पडली नाही, कारण सून घरात यायच्या सहा वर्षं आधीच सासू गेली होती.

बांधणाऱ्यांचंही असंच नातं आहे. ताजमहालाचा मुख्य रचनाकार उस्ताद अहमद लाहोरी, आणि मकबऱ्याचा रचनाकार अताउल्ला हा त्याचाच मुलगा. बापाने सासूची इमारत उभी केली, लेकाने सुनेची. मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर अताउल्लाचं आणि हंसपतराय या अभियंत्याचं अशी दोन नावं कोरलेली आहेत.

मकबरा मुलाने, म्हणजे आझमशाहने, आईसाठी बांधला असं गाइडही सांगतात. पण हिशोब करून पाहा. आझमशाहचा जन्म १६५३ चा आणि इमारत १६६०-६१ च्या सुमाराला पुरी झाली. सात-आठ वर्षांचं पोर एवढं काम कसं काढणार? काम औरंगजेबाच्याच हुकमाने झालं, आणि मुलाने पुढे मोठेपणी देखभाल केली, हे जास्त पटतं.

आता खर्च. हा भाग आपल्या बायांना फार आवडला, कारण आपण दर महिन्याला रुपया-रुपया मांडणाऱ्या. गुलाम मुस्तफा नावाच्या लेखकाने आपल्या 'तारीखनामा'त खर्चाचा आकडा दिला आहे. तो आहे ६ लाख ६८ हजार २०३ रुपये आणि ७ आणे. वरचे सात आणेसुद्धा सोडलेले नाहीत! ताजमहालाचा खर्च साधारण ३ कोटी २० लाख रुपये सांगितला जातो. म्हणजे सासूवर जिथे ४८ रुपये खर्च झाले, तिथे सुनेवर एक.

एवढ्या पैशात काम कसं बसवलं, ते भिंतीजवळ गेल्यावर दिसतं. संगमरवर खालच्या पट्ट्याला आणि वर घुमटाला आहे. मधल्या भिंती आपल्याच भागातल्या काळ्या दगडाच्या, त्यावर चुन्याचा गिलावा आणि गिलाव्यात नक्षी. संगमरवर आणणं काही सोपं नव्हतं. तावेर्निए नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने सुरतेकडच्या प्रवासात संगमरवराने भरलेल्या तीनशेच्या वर गाड्या पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. त्यातल्या लहानात लहान गाडीलाही १२ बैल जुंपलेले होते. आजी म्हणाली, "बारा बैलांचा चारा कुणी कापला असेल गं?" त्याचं नाव दरवाजावर नाही.

इथपर्यंत लेकरं ऐकत होती, सासवा वाऱ्याला बसल्या होत्या. मग आम्ही आत गेलो. आत कबर खालच्या अंगाला आहे. वरून, कठड्याशी उभं राहून खाली पाहावं लागतं. भोवती संगमरवराची आठ कोनांची जाळी. आजीने खाली वाकून पाहिलं आणि पुन्हा तेच विचारलं, "ही कशानं गेली?"

सांगतो. दिलरस बानूला ११ सप्टेंबर १६५७ रोजी पाचवं मूल झालं, मुलगा अकबर. त्यानंतर महिनाभराच्या आतच, ८ ऑक्टोबरला, ती बाळंतपणानंतरच्या आजाराने याच शहरात गेली. आणि तिची सासू मुमताज? तीही बाळंतपणातच गेली. १७ जून १६३१, ठिकाण बुऱ्हाणपूर, आपल्या खानदेशाला लागून. ते तिचं चौदावं बाळंतपण होतं. तिला आधी तापीकाठी बुऱ्हाणपुरातच पुरलं होतं. सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला.

सासू बाळंतपणात गेली, सूनही बाळंतपणात गेली. दोघी बादशाही घरातल्या. हकीम, दाया, दासी, पैसा, कशाचीच कमी नव्हती. जगभरातून लोक ते दोन घुमट पाहायला येतात, त्यांच्या समोर फोटो काढतात. पण प्रदर्शनातल्या त्या छोट्या ताजमहालाच्या पाटीवर उंची लिहिली होती, साल लिहिलं होतं, ती बाई कशाने गेली हे लिहिलं नव्हतं.

दिलरसचं ते लेकरू जगलं. शहाजादा अकबर मोठेपणी बापाविरुद्ध उठला आणि १६८१ साली दक्षिणेत छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. आज ज्यांच्या नावाने हे शहर ओळखलं जातं, त्यांच्याकडे याच शहरात मेलेल्या आईचा मुलगा आसरा मागायला गेला होता. इतिहास असा फिरून येतो.

बाहेर हिरवळीवर बसून आम्ही भाकरी सोडली. आजी जेवेना. मग हळूहळू बोलू लागली. तिची थोरली बहीण बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर जायची. पोट पुढे आलेलं, तरी जायची. घरीच बाळंत झाली. चौथ्या दिवशी ताप आला. घरातले म्हणाले, दूध आलं की ताप येतोच. नवव्या दिवशी ती गेली. लेकरू जगलं, आजीच्या आईने शेळीच्या दुधावर वाढवलं. बहिणीचा एक फोटोसुद्धा नाही. आजी म्हणाली, "तिची नक्कल करून ठेवायलाही काही राहिलं नाही माय."

आमच्यापैकी कुणालाच त्यावर काही बोलता आलं नाही. त्या आजीची सून पंधरा वर्षं त्याच घरात नांदतेय. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

मैत्रिणींनो, आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात. तिला वाऱ्याला जाऊ देत नाहीत, जड उचलू देत नाहीत. डॉक्टर बाळंतपणानंतरचे ४२ दिवस जपायला सांगतात. दोन्ही हिशोब जवळजवळ एकच आहेत. दिलरस त्या दिवसांतच गेली, आजीची बहीणही त्यातच गेली. जुन्या बायांना हे दिवस धोक्याचे आहेत हे माहीत होतं, पण ताप आला तर काय करायचं याचा उपाय हातात नव्हता. आज तो आहे. ताप, जास्त अंगावरून जाणं, घाण वास येणारा स्राव, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी, झटके, यातलं एक जरी दिसलं तरी दूध आल्याचा ताप म्हणून घरी थांबायचं नाही. आशाताईला बोलवायचं, १०२ किंवा १०८ ला फोन लावायचा आणि दवाखाना गाठायचा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि त्यानंतरचे उपचार मोफत आहेत, जाण्यायेण्याची गाडीसुद्धा.

फरक पडला आहे हे आकडे सांगतात. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू नोंदले गेले. देशाचा आकडा ९७ होता. आपला आकडा कमी आहे, याचं समाधान आहे. पण त्या ३३ मधली प्रत्येक जण कुणाची तरी बहीण होती.

परत आल्यावर पुढच्या बैठकीत आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. गटाच्या रजिस्टरला एक वेगळं पान जोडलं. गावात ज्या बाया गरोदर आहेत आणि ज्या बाळंत झाल्या, त्यांची नावं त्यावर असतात. बाळंत झालेल्या दिवसापासून सव्वा महिना, खरं तर पूर्ण ४२ दिवस, रोज एक जण जाऊन विचारपूस करते. आणि रात्री-अपरात्री गाडी लागली तर, म्हणून अंतर्गत निधीतून थोडी रक्कम बाजूला ठेवली. त्यासाठी ठराव लागत नाही, कुणाची सही लागत नाही. आधी बाई दवाखान्यात, हिशोब दुसऱ्या दिवशी.

त्या पानावर सगळ्यात वर कुणाचं नाव लिहायचं, याची चर्चाच झाली नाही. आजी गटाची सभासद नाही, तरी त्या दिवशी सुनेबरोबर बैठकीला आली होती. तिने बहिणीचं नाव सांगितलं आणि तिच्या सुनेने ते लिहिलं.

तुम्हीही लेकरांना घेऊन मकबरा पाहायला जा. कुणी त्याला नक्कल म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. जाळीशी उभ्या राहा, खाली पाहा आणि सोबतच्या लेकरांना सांगा की ही बाई कशाने गेली. मग घरी येऊन आपल्या सासूला, आपल्या आईला विचारा, आपल्या घरात असं कोण गेलं होतं. नाव विचारा. आणि लिहून ठेवा.

आज एवढंच. नमस्कार.