लाइनच्या जिवावर जगणारं यंत्र

लाइन तपासायची म्हणजे चालायचं, हे मला नोकरीच्या सुरुवातीलाच कळलं. एका टॉवरपासून दुसऱ्यापर्यंत, बांधाबांधानं, मान वर करून. टाटांनी १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवायला सुरुवात केली, तेव्हाही गस्त पायीच चालायची. तार किती झोलली, हे नजरेनंच ताडायचं. पुढे थर्मोव्हिजन कॅमेरे आले, तापलेला जॉइंट दिसायला लागला. पण कॅमेरा धरणारा खाली उभा असेल तेवढाच वेळ.

मोजणारं यंत्र तारेवरच का बसवू नये? अडचण मोजण्याची नव्हती, बॅटरीची होती. ती संपली की शटडाउन घ्या, नाहीतर चालू लाइनवर काम करणारी हॉटलाइनची गँग बोलवा. एका सेलपायी एवढा खटाटोप कोणता साहेब मंजूर करील?

उपाय मात्र आमच्या हातातच होता. टाँग टेस्टरचा जबडा उघडून तार आत घेतली, की तिला न शिवता अँपिअर कळतात. तारेतला प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो, त्याबरोबर भोवतीचं चुंबकीय क्षेत्र पालटतं आणि जबड्यातल्या लोखंडी गाभ्यावरच्या गुंडाळीत वीज निर्माण होते. फॅरेडेनं १८३१ साली लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या घालून हेच दाखवलं होतं. टाँग टेस्टर त्या विजेवरून आकडा सांगतो. तिच्यावरच यंत्र चालवायचं, एवढंच बाकी होतं. आकडा टाकून वीज घेण्याचाच हा सभ्य प्रकार म्हणा! कारण ही वीज फुकट नसते, लाइनमधूनच येते. फक्त इतकी थोडी की कोणाच्या बिलात दिसत नाही.

अमेरिकेत १९८० च्या दशकात तारेवर चढवायची अशी कडी आली. ‘पॉवर डोनट’ हे त्यांतलं गाजलेलं नाव. तारेचं तापमान आणि प्रवाह मोजायचा, रेडिओनं खाली कळवायचा. रेडिओ आणि चिप जसजशा कमी विजेवर भागवू लागल्या, तसतशी ही कडी लहान झाली.

तरी कड्यानं सगळं साधतं असं नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. त्या दिवशी ओहायोत झाडाला लागून ट्रिप झालेल्या एका ३४५ केव्ही लाइनवर क्षमतेच्या निम्माही भार नव्हता. म्हणजे दोष जास्त भारानं तापून झोललेल्या तारेचा नव्हता; झाडंच वेळेवर छाटली नव्हती. तिथे कोयताच हवा.

दुसरी गोम आतली आहे. रात्री भार उतरला की कड्याला पुरेशी वीज मिळत नाही. शॉर्टसर्किट झालं की हजारो अँपिअर धावतात, तेव्हा आतल्या सर्किटला जपावं लागतं. आणि लाइन मेली, म्हणजे खबर सर्वांत जास्त हवी असते, तेव्हा आत साठवलेली वीज नसेल तर कडंही मुकं. म्हणून खरेदीच्या फायलीवर सही करणाऱ्यांना एकच सांगणं: पत्रकातली कमाल क्षमता नंतर वाचा; किमान किती अँपिअरवर हे यंत्र चालू होतं आणि लाइन गेल्यावर किती मिनिटं बोलतं, हे आधी लेखी मागा.