घोड्याच्या पायाला मिरची

ऑगस्ट २००८. ऑलिंपिक बीजिंगला, पण घोडेस्वारी हाँगकाँगला होती. अडथळ्यांवरून उडी मारण्याच्या वैयक्तिक अंतिम फेरीआधीच चार घोडे बाद झाले. तपासणीत कॅप्सेसिन सापडले होते. मिरची तिखट लागते ती याच द्रव्यामुळे. त्याचे मलम दुखऱ्या जागी चोळले की वेदना कमी होते. तेच पायाच्या कातडीला लावले तर ती हुळहुळी होते. मग दांड्याला पाय लागताच घोडा कळवळतो आणि पुढच्या उडीला पाय उंच उचलतो. औषध एकच, उपचारही तेच, छळही तेच. बाद घोड्यांत नॉर्वेचा कामिरो होता. नॉर्वेचे सांघिक कांस्य त्यामुळे स्वित्झर्लंडकडे गेले.

पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक थोड्या प्रमाणात चालू द्यावे, असा ठराव काठावरच्या बहुमताने केला. गदारोळ उठला आणि तो मागे घ्यावा लागला. एप्रिल २०१० पासून नव्या नियमांत दोन याद्या आल्या. एका यादीतली द्रव्ये घोड्याला कधीच द्यायची नाहीत. दुसरीतली आजारपणात द्यावीत, पण स्पर्धेच्या वेळी ती अंगात नकोत.

हे नियम पदकांसाठी आहेत असे वाटते. पण जरा विचार करा. दुखणारा खेळाडू 'मी आज उतरत नाही' असे म्हणू शकतो. घोडा फक्त लंगडतो. ते लंगडणेच औषधाने झाकले, तर त्याच्याकडे सांगायला दुसरे काय उरते?