कूरूचें अवकाशबंदर

बंदर केवळ भूगोलानें होत नाहीं, आणि केवळ राजाज्ञेनेंही होत नाहीं. किनारा अनुकूल असावा लागतो, सरकारनें पैसा ओतावा लागतो, आणि शेवटीं गिऱ्हाइकानें आपला माल घेऊन दारीं यावें लागतें. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरी एक प्रश्न उरतोच : बंदराच्या भरभराटींत त्याच्या पाठीमागच्या मुलखाचा वांटा किती? समुद्रावरील बंदरांविषयीं हा प्रश्न जुनाच आहे. जेथून अग्निबाण सुटतात त्या बंदरांविषयींही तो आतां विचारला पाहिजे. आणि त्यासाठीं दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील कूरूइतकें बोधप्रद स्थळ आम्हांस दुसरें दिसत नाहीं.

कूरू हें फ्रेंच गयानांतील गांव. कॅनडा हातचा गेल्यावर १७६३ सालीं फ्रान्सनें येथें वसाहतीसाठीं हजारों स्त्रीपुरुष धाडले. रोगराईनें त्यांतील बहुतेक थोडक्याच काळांत मरण पावले. पुढें १८५२ पासून शंभर वर्षें हा मुलूख म्हणजे फ्रान्सचें काळें पाणी होता. कूरूसमोरील ‘सैतानाच्या बेटा’वर कॅप्टन ड्रेफस या निरपराध अधिकाऱ्यानें १८९५ पासून १८९९ पर्यंत कैद भोगली. ज्या किनाऱ्यावरून परतण्याची आशा कोणी धरीत नसे, तोच पुढें आकाशाचा उंबरठा ठरावा, हा इतिहासाचा विलक्षण खेळ होय.

हा खेळ घडला तो एका साम्राज्याच्या अस्तामुळें. फ्रान्सचा जुना उड्डाणतळ अल्जीरियाच्या वाळवंटांत हम्मागीर येथें होता. २६ नोव्हेंबर १९६५ रोजीं फ्रान्सचा पहिला उपग्रह तेथूनच सुटला. परंतु अल्जीरिया १९६२ सालींच स्वतंत्र झाला होता, आणि करारान्वयें १९६७ पर्यंत तो तळ सोडणें प्राप्त होतें. म्हणून १९६४ सालीं कूरूची निवड झाली. विषुववृत्त येथून अवघें पांच अंशांवर. पृथ्वीच्या परिवलनामुळें येथील भूमि सेकंदास सुमारें ४६० मीटर वेगानें पूर्वेकडे धांवत असते, व तो वेग अग्निबाणास फुकट मिळतो. विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर भासणारे दळणवळणाचे उपग्रह पोंचविण्यास तर अशी जागा दुर्मिळच. शिवाय उत्तरेस व पूर्वेस अथांग समुद्र. अग्निबाण कोसळला तरी वस्तीवर पडण्याचें भय थोडें. मात्र जी भूमि रिकामी म्हणून निवडली ती अगदींच रिकामी नव्हती. तेथील कुटुंबांना घरें व शेतें सोडावीं लागलीं.

९ एप्रिल १९६८ रोजीं येथून पहिला अग्निबाण उडाला. पण बंदर चालूं झालें म्हणजे व्यापार चालूं झाला असें नव्हे. १९७१ सालीं ‘युरोपा’ अग्निबाण येथेंच अपयशी ठरला. फ्रान्स व जर्मनी यांचे ‘सिंफनी’ उपग्रह अमेरिकेनें सोडून दिले, परंतु त्यांचा व्यापारी उपयोग करूं नये अशी अट घालूनच. ही अट युरोपास झोंबली. २४ डिसेंबर १९७९ रोजीं ‘एरियान’ कूरूहून यशस्वीपणें उडाला, आणि १९८० सालीं उपग्रह भाड्यानें पोंचविणारी जगांतील पहिली कंपनी, एरियानस्पेस, उभी राहिली. या बंदराच्या गिऱ्हाइकांत आपणही होतों. ज्या ‘ॲपल’ उपग्रहाला बैलगाडीवर ठेवल्याचें छायाचित्र प्रसिद्ध आहे, तो १९ जून १९८१ रोजीं कूरूहूनच गेला. १९९२ चा इन्सॅट-२अ व त्यानंतरचे कित्येक भारतीय उपग्रहही येथूनच वर चढले.

इतकें झालें, मुलखाचें काय? १९१७ नव्हे, २०१७ सालच्या मार्च-एप्रिलांत याचें उत्तर लोकांनींच दिलें. इस्पितळें अपुरीं, शाळा अपुऱ्या, बेकारी व गुन्हेगारी मात्र उदंड, अशा तक्रारींवरून सर्व मुलखानें संप पुकारला. अग्निबाण तळावरच अडकून पडला आणि आंदोलकांनीं अवकाशकेंद्रांतही ठाण मांडलें. एक अब्जाहून अधिक युरोंच्या तातडीच्या मदतीचा करार झाल्यावर मे महिन्यांत उड्डाण झालें. आकाशांत कोट्यवधींचा माल जातो आणि पायथ्याच्या गांवीं वैद्य मिळत नाहीं, ही विसंगति त्या लोकांना सोसवली नाहीं.

गिऱ्हाइकांचीही शाश्वति नसते. युक्रेनच्या युद्धामुळें २०२२ सालीं रशियाचे ‘सोयूझ’ कूरूहून निघून गेले; जुना एरियान-५ जुलै २०२३ मध्यें निवृत्त झाला, नवा एरियान-६ जुलै २०२४ मध्यें उडाला. मधल्या वर्षांत हें बंदर तगलें तें सरकारी तिजोरीच्या आधारावर.

तामिळनाडूंत कुलशेखरपट्टणम् येथें २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं आपल्याही नव्या तळाची कोनशिला बसली. त्याची जागा योग्य आहे, गिऱ्हाइकेंही येतील. परंतु बंदराचें वैभव आणि मुलखाचें वैभव या दोन वस्तू निराळ्या आहेत. त्या एकत्र आणणें हें अग्निबाणाचें काम नव्हे. तें राज्यकर्त्यांचें आहे. कूरूनें हें जाणण्यास पन्नास वर्षें घेतलीं. आपणांस तितकीं घेण्याचें कारण नाहीं.