रोपांचा पहारा

प्राण्यांच्या रक्तात फिरते पहारेकरी असतात. रोपाची मात्र प्रत्येक पेशी स्वतःच पहारा करते. हे कोडे अमेरिकेत, नॉर्थ डाकोटात उलगडू लागले. जवस आणि त्यावरील तांबेरा या दोहोंचे संकर करून हॅरॉल्ड फ्लॉर यांनी १९४० नंतरच्या दशकात दाखविले की, जवसाच्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला तांबेऱ्यात जोडीचे जनुक असते. १९९४ मध्ये तंबाखू व टोमॅटो यांतील प्रतिकारक जनुके हाती आली. २०१९ मध्ये बीजिंगमधील संशोधकांना अॅराबिडॉप्सिस या रोपट्यातील अशाच एका प्रथिनाचे पाच रेणू चक्रासारखे जुळलेले दिसले. शत्रूची चाहूल लागताच हे चक्र जुळते आणि ग्रासलेली पेशी स्वतः मरून शेजारणींना वाचविते. मात्र तांबेऱ्याने आपले जनुक बदलले की पहारा चुकतो. म्हणून सारे शिवार एकाच जनुकाच्या भरवशावर सोडू नये, असे आम्हांस वाटते. एकट्या पहारेकऱ्याला चकविणे सोपे असते.